किमी ०/०० ते १/२००

आमच्या गावाकडे वळणाऱ्या फाट्यावर एक पत्र्याचा फलक उभा आहे. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. कामाचे नाव: अमुक फाटा ते तमुक गाव, ग्रामा क्रमांक अमका, किमी ०/०० ते १/२०० मध्ये सुधारणा करणे. त्याखाली योजना: जिल्हा वार्षिक योजना. लेखाशीर्ष: ३०५४. मग अंदाजपत्रकीय रक्कम, ठेकेदाराचं नाव, कार्यारंभ आदेशाची तारीख आणि सगळ्यात खाली दोषदायित्व कालावधी.

फाट्यापासून गाव चार किलोमीटर. त्यातला एक किलोमीटर दोनशे मीटरचा तुकडा काळाभोर, गुळगुळीत. तो जिथे संपतो तिथे डांबराची कड सुरीने कापल्यासारखी सरळ आहे आणि पुढे जुनी खडी उघडी पडलेली. एसटीचा ड्रायव्हर बरोबर त्या कडेच्या चार हात आधी गिअर बदलतो. गाडीतल्या बायका तेवढ्यात मांडीवरचं पोर सावरून धरतात.

ठेकेदार पळाला, असं गावात सांगतात. तो पळालेला नाही. त्याचं काम तिथेच संपत होतं, कारण मंजुरीच तेवढ्याची होती. आणि ती १/२०० वरच का थांबली, याचं उत्तर साठ-सत्तर किलोमीटरवर, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारातल्या नियोजन भवनात आहे. फलक नीट वाचला तर तिथवर पोचता येतं.

सुरुवात 'ग्रामा'पासून करू. ग्रामा म्हणजे ग्रामीण मार्ग. त्याच्या वरच्या पायरीवर इजिमा, म्हणजे इतर जिल्हा मार्ग. त्याच्या वर प्रजिमा, प्रमुख जिल्हा मार्ग. मग राज्य महामार्ग, मग राष्ट्रीय महामार्ग. ही उतरंड आपल्याच मातीत ठरली. १९४३ च्या डिसेंबरात देशभरातल्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि पुढच्या वीस वर्षांसाठी रस्त्यांचा आराखडा आखला. रस्त्यांची ही वर्गवारी त्या नागपूर आराखड्यातून देशाला मिळाली. युद्ध चालू होतं, स्वातंत्र्य चार वर्षं दूर होतं, आणि नागपुरात बसून कोणीतरी गावरस्त्याला एक रकाना दिला. तो रकाना आजही चालू आहे. पुढे राज्याच्या रस्ते विकास योजना वीस-वीस वर्षांच्या झाल्या, १९८१ ते २००१, २००१ ते २०२१. रस्त्याचं नाव या योजनेच्या यादीत असेल तर त्याला क्रमांक मिळतो. क्रमांक नसेल तर तो पायाखाली असला तरी कागदावर नसतो, आणि कागदावर नसलेल्या रस्त्याला पैसा कुठून घालायचा?

उतरंडीत रस्ता कुठे बसतो त्यावर त्याचा मालक ठरतो. प्रजिमा आणि त्यावरचे राज्याचे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेकडे. म्हणून 'दर्जोन्नती' हा शब्द ग्रामीण राजकारणात फार वजनदार आहे. ग्रामाचा इजिमा झाला, इजिमाचा प्रजिमा झाला की रस्ता गरीब घरातून बऱ्या घरात जातो. मात्र प्रजिमा झाला की तो जिल्हा परिषदेच्या हातातून जातो, आणि त्याबरोबर त्या कामावरचा सदस्यांचा शब्दही. त्यामुळे रस्ता सुधारावा असं सगळ्यांना वाटत असतं, तरी तो हस्तांतरित करण्याच्या ठरावावर सभागृहात कुरबुर होते. मला ही कुरबुर अगदीच चुकीची वाटत नाही. गावातला माणूस खड्ड्याची तक्रार घेऊन जिल्हा परिषद सदस्याच्या ओसरीवर जाऊ शकतो. कार्यकारी अभियंत्याच्या केबिनबाहेर त्याला नुसतं बसावं लागतं.

आता ३०५४. हा आकडा बांधकाम खात्यात, सरपंचांच्या बोलण्यात आणि ठेकेदारांच्या फोनवर इतक्या वेळा येतो की तो एखाद्या योजनेचा नंबर असावा असं वाटतं. प्रत्यक्षात ते सरकारी हिशेबातलं प्रधान शीर्ष आहे: रस्ते व पूल. चार आकडी शीर्षातला पहिला आकडा बरंच काही सांगतो. २ किंवा ३ ने सुरू झालं तर महसुली खर्च, ४ किंवा ५ ने सुरू झालं तर भांडवली. एकाच विषयाच्या महसुली शीर्षात दोन हजार मिळवले की त्याचं भांडवली शीर्ष येतं, म्हणून ३०५४ चा थोरला भाऊ ५०५४. एका बाजूला नेहमीचा खर्च आणि दुसऱ्या बाजूला नवी मत्ता, अशी ही फाळणी. जमिनीवर मात्र ती एवढी स्वच्छ राहत नाही. जिल्हा वार्षिक योजनेत ग्रामीण रस्त्यांचं विकास व मजबुतीकरण ३०५४ खाली येतं आणि इतर जिल्हा मार्गांचं ५०५४ खाली. रोलर तोच, खडी तीच, मजूरही तेच.

खरी गंमत एका गावातले सगळे रस्ते एकत्र पाहिले की कळते. फाट्यावरून गावात येणारा रस्ता ३०५४ मधला. गावातल्या गल्लीतलं काँक्रीट बहुधा २५१५ मधलं, म्हणजे ग्रामविकास विभागाकडून थेट येणाऱ्या मूलभूत सुविधांच्या निधीतलं. त्यासाठी आमदारांचं पत्र लागतं. दलित वस्तीतला रस्ता अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाच्या योजनेतून. स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता जनसुविधेतून. शेताकडे जाणारी पाणंद रोजगार हमीच्या जोडीने, २०२१ पासून मातोश्री पाणंद रस्ते योजनेतून. आणि नशीब जोरावर असेल तर मुख्य रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून. ती २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली आणि तिचे निकष दिल्लीत ठरतात: सपाट मुलखात पाचशे वस्तीचं गाव, डोंगरी आणि आदिवासी भागात अडीचशेचं. माणूस घरातून निघून शेतात जाऊन संध्याकाळी परत येईपर्यंत चार लेखाशीर्षांवरून चालतो. रस्ता कुठे फुटका आहे ते त्याला माहीत असतं, पण तो कुठल्या शीर्षात फुटला आहे हे माहीत नसल्यामुळे त्याचा अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतो.

या सगळ्यातला मोठा वाटा जिथून येतो ती जिल्हा नियोजन समिती. लोक अजून तिला 'डीपीडीसी' म्हणतात. ते तिच्या जुन्या अवताराचं, जिल्हा नियोजन व विकास मंडळाचं इंग्रजी संक्षिप्त नाव. ७४ व्या घटनादुरुस्तीने कलम २४३ झेडडी आणलं आणि प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती असावी असं सांगितलं. त्यानुसार महाराष्ट्राने १९९८ मध्ये कायदा केला. नाव बदललं, पण लोकांच्या तोंडातलं जुनं नाव गेलं नाही.

घटनेतली कल्पना सुरेख होती. समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिका-महापालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचे, तेही जिल्ह्यातल्या ग्रामीण आणि शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात. म्हणजे पैसा कुठे जावा हे खालून आलेल्या माणसांनी ठरवायचं. महाराष्ट्राने त्यांच्या डोक्यावर पालकमंत्री अध्यक्ष म्हणून बसवला आणि जिल्हाधिकाऱ्याला सदस्य सचिव केलं. दरवेळी मंत्रिमंडळ बनलं की पालकमंत्रिपदांवरून महिनोन्‌महिने रुसवेफुगवे का चालतात, हे इथे कळतं. २०२५ च्या जानेवारीत पालकमंत्र्यांची यादी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिक या दोन जिल्ह्यांच्या नियुक्त्यांना स्थगिती द्यावी लागली. भांडण ध्वजारोहण कोणी करायचं याचं नसतं. नियोजन भवनात मधल्या खुर्चीवर कोण बसणार, याचं असतं.

त्या खुर्चीची ताकद २०२२ च्या जुलैमध्ये उभ्या महाराष्ट्राने पाहिली. सरकार बदललं आणि जिल्हा नियोजन समित्यांनी एप्रिलपासून मंजूर केलेल्या कामांना, नवे पालकमंत्री येईपर्यंत, स्थगिती मिळाली. नवे पालकमंत्री नेमले गेले सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर आषाढ, श्रावण, भाद्रपद उलटले होते आणि खड्ड्यांनी कुणाच्याही आदेशाची वाट पाहिली नव्हती. त्याच वर्षी बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या, प्रशासक आले. ज्या सभागृहातून चार पंचमांश सदस्य यायचे तेच रिकामं झालं. समितीचं कामकाज मात्र थांबलं नाही. मंत्री होते, आमदार-खासदार होते, अधिकारी होते. नव्हता तो फक्त जिल्हा परिषदेच्या गटातून निवडून आलेला माणूस, ज्याला आमच्या रस्त्याची ती कापलेली कड दिसली असती.

पैसा येतो कसा, तेही पाहू. मुंबईतला नियोजन विभाग दर वर्षी प्रत्येक जिल्ह्याला खर्चाची कमाल मर्यादा कळवतो. ती ठरते सूत्राने: लोकसंख्या, क्षेत्रफळ, मानव विकास निर्देशांक अशा गोष्टी त्यात मोजल्या जातात. समिती त्या मर्यादेत प्रारूप आराखडा करते. मग हिवाळ्यात राज्यस्तरीय बैठका होतात आणि जिल्हे अर्थमंत्र्यांपुढे वाढीव मागणी मांडतात. मर्यादा ओलांडून किती मिळवून आणले, याच्या बातम्या दुसऱ्या दिवशी स्थानिक पानांवर झळकतात. २०२४-२५ साठी सर्वसाधारण जिल्हा वार्षिक योजनेला राज्याने १८,१६५ कोटी रुपये ठेवले होते. छत्तीस जिल्ह्यांत वाटायला ही रक्कम मोठी वाटते. तिच्या शेजारी अनुसूचित जाती घटकाचा आणि आदिवासी घटकाचा आराखडा वेगळा.

पण यातला रस्त्यांचा हिस्सा बघायचा तर एक कमी ऐकलेला शब्द माहीत हवा: गाभा क्षेत्र. शेती, ग्रामविकास, पाटबंधारे, शिक्षण-आरोग्यासारख्या सामाजिक सेवा या गाभा क्षेत्रात येतात आणि दोन तृतीयांश निधी त्यांच्यासाठी. उरलेल्या एक तृतीयांशात बिगर गाभा क्षेत्र, आणि आपली वाहतूक त्यात. तिथे ऊर्जा, उद्योग आणि इतर सेवाही ताट धरून बसलेल्या असतात. म्हणजे समितीच्या बैठकीत ज्या विषयावर सगळ्यात जास्त आवाज चढतो तो कागदावर गाभ्याबाहेरचा आहे. मला हे विभाजन तत्त्वतः मान्य आहे. रस्त्याचं उद्‌घाटन करता येतं, नारळ फोडता येतो. कुपोषण कमी झालं तर फीत कापता येत नाही. बंधन नसतं तर सगळा पैसा डांबरात गेला असता. तरीही दवाखाना आहे पण रुग्णवाहिका ओढ्यापाशी अडते, अशा गावात हा गाभा कुठला आणि सालपट कुठलं, हे सांगणं अवघड होतं.

आता ज्या गणिताने आमचा रस्ता १/२०० वर थांबला ते गणित. समजा, एका जिल्ह्याला ग्रामीण रस्त्यांसाठी या वर्षी १२ कोटींचा नियतव्यय, म्हणजे ठरवून दिलेली रक्कम, आहे. आकडा हिशेबापुरता सोयीचा घेतला आहे. बारा कोटींची नवी कामं धरता येतात का? नाही. मागच्या वर्षी मंजूर झालेली आणि अजून बिलं बाकी असलेली कामं आधी मोजायची. त्याला म्हणतात दायित्व. ते आठ कोटी निघालं. उरले चार. या उरलेल्या रकमेच्या दीडपट नवी कामं मंजूर करता येतात, कारण सगळी कामं एकाच वर्षात पुरी होत नाहीत. म्हणजे सहा कोटी. जिल्ह्यात दहा तालुके असतील तर तालुक्याला साठ लाख. तालुक्यात जिल्हा परिषदेचे पाच गट असतील तर गटाला बारा लाख. गटात पंचवीस गावं, आणि पंचवीस सरपंचांच्या हातात पंचवीस ठराव.

चार किलोमीटरचा रस्ता बारा लाखांत होत नाही. एकाच गावाला सगळं दिलं तर बाकीचे चोवीस पुढच्या निवडणुकीत हिशेब करतात. मग तुकडे पडतात. या गावाला पाचशे मीटर, त्या गावाला तीनशे, आणि ज्याचा आवाज मोठा त्याला किलोमीटर दोनशे. अभियंते याला साखळी म्हणतात; किमी ०/०० ते १/२०० ही रस्त्याची साखळी झाली. प्रत्येक तुकड्याचं अंदाजपत्रक वेगळं, निविदा वेगळी, फलक वेगळा. लहान तुकड्यांचा आणखी एक अर्थ आहे. ठरावीक रकमेच्या आतली कामं मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार यांच्यात ३३:३३:३४ अशी वाटली जातात. हेतू चांगला होता: नुकता पदविका घेतलेला मुलगा आणि मजुरांची संस्था, दोघांनाही बाजारात पाय ठेवायला जागा. त्यामुळे कामाची रक्कम त्या मर्यादेच्या आत बसवण्यात पुष्कळांचं हित गुंतलेलं असतं. रस्त्याचं हित यात कुठे बसतं ते शोधावं लागतं. खडी, डांबर, रोलर तीन वेळा वेगवेगळ्या वर्षी तिथवर आणायचा, आणि तिसरा तुकडा होईपर्यंत पहिला फुटलेला.

दीडपटीचा नियम पाळला तर दायित्व आटोक्यात राहतं. पण दीडाचे अडीच करण्याचा मोह फार. कामाला मान्यता दिली की गावात सत्कार होतो. पैसे नंतर बघू. मग पुढच्या वर्षी दायित्वच नियतव्ययाएवढं होऊन बसतं आणि नव्या सदस्याच्या हाती काही लागत नाही.

मी पत्रकार म्हणून अशा बैठकांना पुष्कळदा बसलो आहे. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि बोटभर जाडीची टिप्पणी, शे-दीडशे पानांची, नुसते रकाने. पहिला विषय ठरलेला: मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करणे. दुसरा, अनुपालन अहवाल. याच दोन विषयांत दुपार जाते, कारण सदस्य उठून विजेच्या जळालेल्या डीपीबद्दल, बंद पडलेल्या नळपाणी योजनेबद्दल आणि फोन न उचलणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल बोलतात. ते त्यांनी बोलायलाच हवं. वर्षातून दोन-चारदाच सगळे साहेब एका छपराखाली सापडतात. पण आराखडा मंजूर करण्याचा विषय येतो तेव्हा घड्याळात साडेचार झालेले असतात. 'मंजूर?' 'मंजूर, मंजूर.' कोटींचा आराखडा चहा यायच्या आत मंजूर झालेला मी पाहिला आहे. त्यात सदस्यांचा आळस असतोच असं नाही. शीर्षनिहाय रकमा तिथे मंजूर होतात, कोणत्या गावाचा कोणता तुकडा ही यादी त्यानंतर, पत्रांच्या गठ्ठ्यांतून आणि बंद दारामागे बनते. रस्त्याची स्थिती, रहदारी, त्यावरची शाळा-दवाखाना यांवरून प्राधान्यक्रम लावायची पद्धत कागदावर आहे. पत्राला मात्र पाय असतात, प्राधान्यक्रमाला नसतात.

पत्रांवरून आठवलं. आमदारांचा स्वतःचा स्थानिक विकास निधी आता वर्षाला पाच कोटी आहे, खासदारांचाही पाच कोटी. दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयातूनच खर्च होतात. समितीतून निसटलेला तुकडा कधी कधी या निधीतून जोडला जातो, आणि मग एकाच रस्त्यावर दोनशे मीटरच्या अंतराने दोन फलक, दोन नावं, दोन नारळांच्या करवंट्या.

मग येतो मार्च. सरकारी यंत्रणांना मिळालेला पैसा ३१ मार्चला खर्ची पडला नाही तर व्यपगत होतो, परत जातो. जिल्हा परिषदेला मात्र जिल्हा नियोजनाचा निधी दोन आर्थिक वर्षांत खर्च करायची मुभा आहे. ही सवलत ऐकायला ऐसपैस वाटते. पण पहिल्या वर्षाचे आठ-नऊ महिने यादी, ढोबळ अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तपशीलवार अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि निविदेत जातात. मध्ये आचारसंहिता लागली तर आणखी दोन. बीम्स या संगणक प्रणालीवर निधी 'पडतो' तो बहुतेक वेळा वर्षाच्या शेपटाला. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक सगळीकडे डांबराचा वास सुटतो. रात्री दिवे लावून काम चालतं. बांधकाम उपविभागात मोजमाप पुस्तिका घेऊन कनिष्ठ अभियंता जेवणाचा डबा तसाच बांधून बसलेला असतो. आणि ठेकेदाराने काम पंधरा-वीस टक्के 'बिलो', म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने, घेतलेलं असेल तर ते टक्के खडीच्या थरातून वसूल होतात की काय, हे पहिल्या मृगाच्या सरीला कळतं.

शहरातली मंडळी म्हणतील, आमच्याकडे असं नसतं. तिथला हिशेब वेगळ्या धाटणीचा, पण वाटणीच. पुण्यात २००७ मध्ये दोन महापालिकांच्या बससेवा एकत्र करून पीएमपी झाली. तिच्या तोट्याचा भार पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के उचलते. तिथे प्रश्न डांबराचा नसून बस कुणाच्या हद्दीत जास्त फिरते, याचा असतो. गावाकडे बस आणि रस्ता दोन वेगळ्या घरांत राहतात. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, तेव्हापासून गाव तिथे एसटी हे स्वप्न आहे. पण गाडी महामंडळाची, रस्ता जिल्हा परिषदेचा, पैसा समितीचा. रस्ता खराब झाला की आगार गाडी अर्ध्यावर आणून परत फिरवतं. ग्रामपंचायत आगाराला पत्र देते, आगार बांधकाम विभागाकडे बोट दाखवतं, बांधकाम विभाग निधीकडे. मी पाहिलेल्या रस्त्यांच्या याद्यांमध्ये लांबी, रुंदी, रक्कम, शिफारस करणाऱ्याचं नाव, हे सगळे रकाने होते. या रस्त्यावरून एसटी जाते का आणि तिने किती मुली हायस्कुलात जातात, हा रकाना नव्हता.

आमच्या फाट्यावरच्या फलकाची शेवटची ओळ दोषदायित्व कालावधीची. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि गावकऱ्याला दाद मागायला फलकावरची सगळ्यात उपयोगाची ओळ हीच. ती सगळ्यात खाली असल्यामुळे गवताने सगळ्यात आधी झाकली. गेल्या महिन्यात सरपंचांनी विळ्याने गवत कापून फलकाचा फोटो काढला आणि तक्रारीला जोडला. पुढची साखळी, किमी १/२०० ते १/८००, या वर्षीच्या यादीत आहे म्हणतात. त्याच्या पुढे ओढ्यावरची मोरी येते. ती वेगळ्या शीर्षात आहे.